एडी पाल्मिएरी गेले, त्यानिमित्ताने : ग्रॅमीतला 'ट्रॉपिकल' कोपरा

खुळखुळा (धागाकर्ता) | ८ ऑगस्ट २०२५, रात्री ११:४०

मंडळी, परवा, ६ ऑगस्टला, लॅटिन संगीतातले पियानोवादक एडी पाल्मिएरी गेले. न्यू जर्सीत, ८८व्या वर्षी. इथे कुणीतरी धागा काढेल म्हणून दोन दिवस वाट पाहिली. कुणी काढेना, म्हणून मीच बसलो.

माझी आणि त्यांची ओळख ग्रॅमीच्या यादीतून झाली. २००९ साली मला रात्रपाळी असायची. काम फारसं नसायचं. ग्रॅमीच्या जुन्या विजेत्यांची यादी उघडायची आणि एकेक अल्बम ऐकत जायचं, असा नाद लागला. रॉकच्या यादीला लवकरच कंटाळलो. मग एका कोपऱ्यात 'बेस्ट ट्रॉपिकल लॅटिन अल्बम' असा रकाना दिसला. तिथे जो अडकलो तो सोळा वर्षं झाली, बाहेर आलेलो नाही.

थोडा इतिहास सांगतो, तज्ज्ञांनी चुका काढाव्यात. ग्रॅमी १९५९ पासून देतात, पण लॅटिन संगीताला स्वतःचा रकाना मिळायला १९७६ उजाडलं. त्याआधी तीन वर्षं फानिया या रेकॉर्ड कंपनीच्या कलाकारांनी यांकी स्टेडियमवर जत्रा भरवली होती. ग्रॅमीवाल्यांच्या लेखी मात्र हे संगीत नव्हतंच. लॅरी हार्लो नावाचा ब्रुकलिनचा ज्यू पियानोवादक (लोक त्याला 'अफलातून ज्यू' म्हणायचे, स्पॅनिशमध्ये) अकादमीच्या मागे हात धुऊन लागला. रकाना झाला. हार्लोला त्यात कधी मिळालं नाही. पहिलाच ग्रॅमी पाल्मिएरींना, 'द सन ऑफ लॅटिन म्युझिक'साठी.

पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनाच. आणि तो किस्सा मला फार आवडतो. अल्बम त्यांच्या मते अर्धवट होता, पण कंपनीने त्यांचं न ऐकता बाजारात आणला. नावच ठेवलं 'अनफिनिश्ड मास्टरपीस'. ज्याला कलाकार 'अजून झालं नाही' म्हणतोय, त्यालाच वर्षातला सर्वोत्तम ठरवून मोकळे!

१९८४ मध्ये एकाचे तीन रकाने झाले : लॅटिन पॉप, मेक्सिकन-अमेरिकन आणि ट्रॉपिकल. ट्रॉपिकलचा पहिला मान तालवादक टिटो पुएन्तेला, 'ऑन ब्रॉडवे'साठी. १९८६ला तर पुएन्ते आणि पाल्मिएरी दोघांना विभागून. मध्ये काही वर्षं साल्सा, मेरेंगे, पारंपरिक अशी वाटणी झाली, नंतर भाऊबंद पुन्हा एकत्र नांदायला लागले.

माझं म्हणणं एवढंच की हा पुरस्कार पंगत उठल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखा आहे. उशिरा येतो, पण आहेर भारी आणतो. तुम्हाला काय वाटतं?

---

तिरकस | ९ ऑगस्ट, सकाळी ७:०५

पहिला मीच का? बरं. 'ट्रॉपिकल' म्हणजे नेमकं काय हो? नारळाची झाडं? कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आपला अख्खा महाराष्ट्र आहे. त्या हिशेबाने आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळालाही नामांकन मिळायला हवं.

---

शेवंती | ९ ऑगस्ट, सकाळी ९:३०

वाखुसा (वाचनखूण साठवली). पाल्मिएरी हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं, खोटं कशाला बोलू.

---

खुळखुळा | ९ ऑगस्ट, दुपारी १:१५

@तिरकस, मुद्दा बरोबर आहे. इथे ट्रॉपिकल हा नकाशाचा शब्द नाही, दुकानाच्या फळीचा आहे. क्यूबा, पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक आणि कोलंबियाचा किनारा, इथलं नाचायचं संगीत एका फळीवर ठेवलं : साल्सा, मेरेंगे, बाचाता, सोन, मांबो, कुंबिया, वायेनातो. मेक्सिकोचा दक्षिण भाग याच पट्ट्यात येतो, पण त्याला वेगळा रकाना. ब्राझीलचा सांबा इथे नाही, कारण भाषा पोर्तुगीज.

गंमत पुढे आहे. या 'उष्ण कटिबंधातल्या' संगीताचं मोठं घर न्यूयॉर्क, जिथे थंडीत बर्फ उपसून दार उघडावं लागतं. पाल्मिएरी तिथलेच. पुएन्तेही तिथलाच, हार्लेममधला. दोघांच्याही घरचे पोर्तो रिकोहून आलेले.

साल्सा या शब्दाचा अर्थ चटणी किंवा सॉस. पुएन्तेला तो आवडायचा नाही. मी संगीत वाजवतो, चटणी वाटत नाही, असा त्याचा सूर असायचा.

---

ढोलताशा_पथक | ९ ऑगस्ट, रात्री १०:५०

नदीपात्रातून सराव करून आत्ता आलो, हात सुजलेत. दादा, धागा वाचून पाल्मिएरींचं एक गाणं लावलं. पियानो तालाबाहेर चाललाय असं वाटत राहतं, मग कळतं की आपणच बाहेर आहोत. हे काय प्रकरण आहे? सम कुठे आहे याची?

---

खुळखुळा | १० ऑगस्ट, सकाळी ८:२०

लाख मोलाचा प्रश्न विचारलास.

याच्या मुळाशी 'क्लावे' आहे. स्पॅनिशमध्ये अर्थ किल्ली. वाद्य म्हणशील तर टिपऱ्यांसारखे दोन आखूड दांडके. हवानाच्या गोदीत जहाजाच्या फळ्या जोडायला लाकडी खुंट्या असत, त्यातून हे आले असं सांगतात.

आता ताल. तीनतालासारख्या सोळा मात्रा मोज, सावकाश. टाळी १, ४, ७, ११ आणि १३ वर. बस. पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या, पुढच्या आठांत दोन, म्हणून याला तीन-दोन म्हणतात. उलट बाजूने सुरू केलं की दोन-तीन. तीनतालात आपण नवव्या मात्रेला खाली दाखवतो, इथे नववीला काहीच नाही, पोकळी. आणि अकराव्याची टाळी कानाला चुकल्यासारखी वाटते. तुला जे 'आपण बाहेर आहोत' वाटलं ते तिथेच.

बाकी सगळी वाद्यं या पाच टाळ्यांना धरून बसवलेली असतात. कोंगा (उभा ढोल) एक घर धरतो, बास मुद्दाम पहिली मात्रा सोडून आधीच येऊन बसतो, पियानो तेच तेच तुकडे घोळवतो (त्याला मोंतुनो म्हणतात). टिंबाल्सवाल्याची (धातूचे जोडढोल वाजवणाऱ्याची) घंटा वरून हाकलत असते. क्लावे प्रत्यक्ष कुणी वाजवलीच पाहिजे असं नाही. तबलजी थांबला तरी गवयाच्या डोक्यात ठेका चालू असतो ना, तसं. गाणं तीन-दोनमध्ये असताना तू दोन-तीन धरलंस तर जुने वादक म्हणतात, 'आडवा गेलास.'

पाल्मिएरींनी १९६१ मध्ये 'ला पर्फेक्ता' हा बँड काढला, त्यात ट्रंपेटच्या जागी ट्रॉम्बोन घेतले, वर एक बासरी. त्यांचा थोरला भाऊ चार्ली, तोही पियानोवाला, त्याने या आवाजाला 'ट्रॉम्बांगा' असं नाव ठेवलं. ट्रॉम्बोन हे वाद्य बँडमध्ये एरवी मागच्या बाकावर बसलेलं असतं. यांनी त्याला पुढे आणून ओरडायला लावलं. 

---

पणजीचो_पाव | १० ऑगस्ट, दुपारी १२:४५

खुळखुळाबाब, हा ठेका आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या हॉटेलांत आमच्या गोंयकार वादकांनी रुंबा, मांबो कधीच वाजवून सोडलेत. चिक चॉकलेट (खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, ट्रंपेटवाला) आणि त्याचा बँड आठवा. सी. रामचंद्रांनी, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनी, १९५१च्या 'अलबेला'त त्याला घेतला. 'शोला जो भडके' लावा आणि फक्त मागचा बोंगो ऐका. मुंबईच्या स्टुडिओंत ही वाद्यं रुळवणारे कावस लॉर्ड, पारशी बाबा. आमच्या घरी लग्नात अजून ते गाणं वाजलं की म्हातारी माणसं खुर्चीतून उठतात.

---

काकासाहेब_डफलीवाले | १० ऑगस्ट, दुपारी ४:१०

पणजीकरांना अनुमोदन. आम्ही लहानपणी त्या बोंगोला 'जुळे डमरू' म्हणायचो.

---

मोजणीदार | १० ऑगस्ट, रात्री ९:००

धागाकर्ते भावनेत वाहून गेलेत, मी जरा हिशेब मांडतो. 

या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा नाव येतं ते पाल्मिएरी किंवा पुएन्तेचं नाही, रूबेन ब्लेड्सचं. पनामाचा गायक. १९८७ 'एसेनास', १९८९ 'आंतेसेदेन्ते', १९९७ 'ला रोसा दे लोस व्हिएन्तोस', २०१६ 'सोन दे पनामा', २०१८ 'साल्सा बिग बँड', २०२२ 'साल्सस्विंग', २०२४ 'सिएम्ब्रा : ४५वा वर्धापनदिन'. सात. पहिल्या ग्रॅमीआधीच हे गृहस्थ हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन आले होते, मधल्या काळात १९९४ मध्ये देशाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढून हरले आणि २००४ ते २००९ पनामाचे पर्यटनमंत्री होते.

बायकांचं गणित वाईट आहे. १९९०ला सेलिया क्रूझ, तेही रे बारेत्तोसोबत. क्यूबा सोडून तीस वर्षं झाली होती, साल्साची राणी म्हणून जग ओळखत होतं, आणि तेव्हा कुठे पहिला ग्रॅमी. नंतर १९९३ लिंडा रॉनस्टाट, १९९४ आणि १९९६ ग्लोरिया एस्तेफान. २०२०ला एमे नुव्हिओला, पण मार्क अँथनीबरोबर विभागून. यंदा, २०२५ला, मिमी सुकार.

---

तिरकस | १० ऑगस्ट, रात्री ९:२०

लिंडा रॉनस्टाट? ती तर रॉक गाणारी, अॅरिझोनाची!

---

मोजणीदार | १० ऑगस्ट, रात्री ९:३५

तीच. वडिलांकडून मेक्सिकन रक्त. जुनी क्यूबन-मेक्सिकन गाणी गाऊन 'फ्रेनेसी' काढला आणि ट्रॉपिकल घेतलं, त्याच रात्री दुसऱ्या अल्बमसाठी मेक्सिकन-अमेरिकनही. एका रात्रीत दोन रकाने. म्हणून म्हणतो, रकान्यांना फार देव मानू नका.

---

खुळखुळा | १० ऑगस्ट, रात्री ११:१०

मोजणीदार, हिशेब मान्य. पण २०२४चीच नोंद माझ्या बाजूने बोलते. मूळ 'सिएम्ब्रा' १९७८चा, ब्लेड्स आणि ट्रॉम्बोनवाला विली कोलोन दोघांचा. सिएम्ब्रा म्हणजे पेरणी. साल्साच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला अल्बम म्हटलं तरी चालेल. ग्रॅमी आला तो पंचेचाळीस वर्षांनी, पोर्तो रिकोत २०२२ला नव्या वाद्यवृंदाबरोबर केलेल्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणाला. त्यात कोलोन नाही. दोघांचं कधीच फाटलं होतं, प्रकरण कोर्टात गेलं होतं. पेरणीला दोघे होते, खळ्यावर एकच उरला.

(आडनावाबद्दल : स्पॅनिश रेडिओवाले 'ब्लादेस' म्हणतात, तो स्वतः 'ब्लेड्स' म्हणतो. आजोबा सेंट लुशियाचे, इंग्रजी बोलणारे.)

---

नाट्यवेडी | ११ ऑगस्ट, सकाळी ६:५५

थांबा थांबा. 'सिएम्ब्रा'मध्येच ते 'पेद्रो नावाहा' आहे ना? आमच्या स्पॅनिशच्या वर्गात बाईंनी ऐकवलं होतं. चाकू बाळगणारा, टोपी तिरकी घालणारा गुंड रस्त्यावर एका बाईवर वार करतो, ती मरता मरता त्याला गोळी घालते. एक दारुडा येतो, दोघांच्या प्रेतांजवळून बंदूक, चाकू आणि पैसे उचलतो आणि गात गात निघून जातो. आयुष्य अचंबे देतं म्हणे!

बाईंनी सांगितलं होतं की हा पेद्रो म्हणजे 'मॅक द नाइफ'चा चुलतभाऊ. म्हणजे ब्रेख्त आणि कुर्ट वाइलच्या 'थ्री पेनी ऑपेरा'तल्या गुंडाचा, बर्लिन १९२८. आणि मराठीत त्याच नाटकाचं काय झालं? पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा'! थिएटर अकादमी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, नंदू भेंडे अंकुश, म्हणजे मराठीतला मॅक. साल कोणतं, माहिती आहे? १९७८. 

एकच गुंड, एकाच वर्षी, न्यूयॉर्कात ट्रॉम्बोनवर आणि पुण्यात ढोलकी-गिटारवर. मला काल रात्री झोप लागली नाही.

---

शेवंती | ११ ऑगस्ट, सकाळी ७:३०

नाट्यवेडीताई, दंडवत!!

---

काकासाहेब_डफलीवाले | ११ ऑगस्ट, सकाळी ८:००

मी 'तीन पैशाचा'चा प्रयोग पाहिलाय. नंदू भेंडे गायला लागला की मागच्या रांगेतले आजोबा कानावर हात ठेवायचे आणि पाय मात्र हलवायचे. अवांतराबद्दल क्षमस्व.

---

तिरकस | ११ ऑगस्ट, दुपारी ३:२५

आता खरा वाद घालू. १९९८चा पुरस्कार. 'ब्वेना व्हिस्ता सोशल क्लब'. अल्बम हवानाचा, म्हातारे हवानाचे, गाणी त्यांची. रकान्यात नाव कुणाचं? गिटारवाला राय कूडर, कॅलिफोर्निया. हा पाहुणा आहेर आणत नाही, आहेर घेऊन जातो.

---

खुळखुळा | ११ ऑगस्ट, रात्री १०:०५

नाव त्याचं आहे हे खरं. तरी जरा ऐक. १९९६च्या मार्चमध्ये कूडर आणि वर्ल्ड सर्किट कंपनीचा निक गोल्ड हवानाला गेले ते मालीचे वादक आणि क्यूबाचे वादक एकत्र आणायला. मालीवाले पोचलेच नाहीत. हुआन दे मार्कोस गोन्सालेस या क्यूबन संगीतकाराने जुने वादक जमवले. पियानोवाल्या रूबेन गोन्सालेसच्या घरी पियानो उरला नव्हता. इब्राहिम फेरर गाणं सोडून बूट पॉलिश करत होता. कॉम्पाय सेगुन्दो नव्वदीला टेकलेला. त्यांना हुडकणाऱ्या हुआन दे मार्कोसचं नाव रकान्यात नाही, हे माझ्या मते कूडरच्या नावापेक्षा मोठं दुखणं आहे.

अमेरिकेच्या क्यूबाबंदीपायी कूडरला सरकारला दंडही भरावा लागला. (हाच कूडर १९९४ला विश्वमोहन भट्टांबरोबर ग्रॅमी घेऊन गेला होता. माणूस पाहुणचार करून घेण्यात वाकबगार आहे, हे मान्य.)

पण तुझ्या बाजूची मोठी गोष्ट तूच सांगितली नाहीस. २००४ला फेररला स्वतःच्या नावाने पारंपरिक ट्रॉपिकलचा ग्रॅमी मिळाला, 'ब्वेनोस एर्मानोस'साठी. तेव्हा तो ७६ वर्षांचा. अमेरिकेने व्हिसा नाकारला. कारण काय, तर त्याचं येणं देशाच्या हिताला बाधक! आयुष्यभर बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीतं, गायलेला म्हातारा.

---

तिरकस | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेत नाही, पण आवाज खाली केला.

---

शेवंती | १२ ऑगस्ट, सकाळी ११:००

मी नवखी, पण बाचातावर वाचत बसले, कारण आमच्या झुंबाच्या बाई तेच लावतात. हे तर आपल्या लावणीचंच दुखणं आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये त्रुहिल्यो नावाच्या हुकूमशहाला मेरेंगे प्रिय, म्हणून मेरेंगे राष्ट्रीय. १९६१ला तो मारला गेला, पुढच्याच वर्षी बाचाताची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पण ती गिटारवरची रडगाणी दारूच्या गुत्त्यांत आणि कुंटणखान्यांत वाजायची, म्हणून घरात लावायची नाहीत. 'कडवटपणाचं संगीत' म्हणायचे. आणि मग हुआन लुईस गेरा, अमेरिकेत बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेला, 'बाचाता रोसा' करतो, १९९२ला ग्रॅमी मिळतो, आणि बाचाता एकदम दिवाणखान्यात.

माझ्या आजीच्या माहेरी तमाशाच्या कनातीकडे बघायलाही बंदी होती. तीच आजी सत्तरीनंतर टीव्हीवर नऊवारीतल्या लावण्यांना टाळ्या वाजवायची. फडातल्या बायकांना त्याने काय मिळालं, देव जाणे. गुत्त्यातल्या गिटारवाल्यांचंही तसंच झालं असणार ना?

---

खुळखुळा | १२ ऑगस्ट, रात्री ९:४५

शेवंती, 'नवखी' म्हणून असले प्रतिसाद देऊ नका, आम्हाला लाजवता. गेरा ग्रेटच आहे, त्याचं संगीत संयोजन ऐकताना मी अजून चकित होतो. पण हो, आधीच्यांना गुत्त्यातच ठेवून दार उघडलं गेलं. बाचाता २०१९ला युनेस्कोच्या यादीत आली, मेरेंगेनंतर तीन वर्षांनी. क्रम तिथेही तोच राहिला.

---

बे_एरियातला_बंड्या | १३ ऑगस्ट, सकाळी १०:३०

उशिरा आलो. रडगाणं फार झालं, एक चांगली बातमी देतो, जुनी. २०१४. नामांकनांत मार्क अँथनी, कार्लोस व्हीव्हेस असे हत्ती. जिंकला कोण? पॅसिफिक मांबो ऑर्केस्ट्रा, आमच्या सॅन फ्रान्सिस्कोकडचा बँड. सोमवारी रात्री क्लबात वाजवणारा, लोकांकडून वर्गणी काढून पहिला अल्बम केलेला. म्होरके दोन : ट्रंपेटवाला जर्मनीचा, पियानोवाला मेक्सिकोचा. नाव जाहीर झालं तेव्हा आमच्या ऑफिसातला कोलंबियन मित्र म्हणाला, 'हे कोण?' व्हीव्हेसचा भक्त तो, दोन दिवस बोलला नाही. व्हीव्हेसला पुढच्याच वर्षी मिळालं, मग पार्टी दिली.

---

मोजणीदार | १३ ऑगस्ट, दुपारी १२:००

वर्गणीवर ग्रॅमी! गणेश मंडळांनी नोंद घ्यावी.

यंदाचंही सांगून ठेवतो : टोनी आणि मिमी सुकार. पेरूच्या लिमातलं ग्रान तेआत्रो नासिओनाल, तिथल्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण. मिमी ही टोनीची आई. आयुष्यभर गायली, आणि पोराने वाद्यवृंद उभा करून आईला मध्यभागी उभं केलं.

---

तिरकस | १३ ऑगस्ट, रात्री ८:१५

हे मात्र आवडलं. पण मला सांगा, यंदा जगभर जे वाजतंय ते पोर्तो रिकोच्या बॅड बनीच्या नव्या अल्बमचं. त्यात 'बायले इनोल्व्हिदाब्ले' हा सरळसोट साल्सा आहे, पुढे प्लेना (पोर्तो रिकोचं लोकसंगीत) पण आहे. पोर्तो रिकोची पोरं वाजवतात. तो कुठल्या रकान्यात घालणार?

---

खुळखुळा | १३ ऑगस्ट, रात्री ११:३०

कळीचा मुद्दा. त्याला 'शहरी' फळीवर ठेवतील असा माझा अंदाज. आणि आणखी चाळीस वर्षांनी त्याच गाण्यांची वाद्यवृंदासह मैफल होईल, तेव्हा तिला ट्रॉपिकल मिळेल. तोवर आपण आणि हा धागा असलो तर बोलू.

---

ढोलताशा_पथक | १४ ऑगस्ट, रात्री ११:५५

दादा, चार दिवस १, ४, ७, ११, १३ घोकतोय. बसमध्ये मांडीवर, घरी ताटावर. अकरा सुटते, दर वेळी. आज सरावानंतर ताशावाल्या पोराला सांगितलं, तू फक्त सोळा मोज, मी टाळ्या देतो. सहाव्या आवर्तनाला जमलं. मग त्याने न सांगता मध्येच तर्री (ताशाचा जलद कडकडाट) घातली आणि मी आडवा गेलो.

मग घरी येऊन 'द सन ऑफ लॅटिन म्युझिक'मधलं 'उन दिया बोनितो' लावलं, चौदा मिनिटांचं. सुरुवातीला कितीतरी वेळ ताल नाहीच, नुसता पियानो भटकत राहतो. मी बोटांवर सोळा धरून बसलेलो. आणि तो गाणारा मुलगा, लालो रोद्रिगेस, तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता म्हणे? आमच्या पथकात त्या वयाच्या पोरांना आम्ही अजून झांजाच देतो.

---

पणजीचो_पाव | १५ ऑगस्ट, सकाळी ७:४०

ताशावाल्याला सांग, तर्री बाराव्या मात्रेनंतर घाल. मग नाही जाणार आडवा.